उच्च रक्तदाबातील मूत्रगत अल्ब्युमिन : खूण आणि साध्य

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाच्या लघवीतील अल्ब्युमिन मोजावे की मोजू नये, हा प्रश्न आता फारसा वादाचा राहिलेला नाही. अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रीय समितीने २००३ च्या आपल्या सातव्या अहवालात ही तपासणी ऐच्छिक मानली होती. २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतही तिचे स्थान ऐच्छिकच राहिले. युरोपीय मार्गदर्शिकेने मात्र २०१८ मध्ये ती सर्व रुग्णांसाठी सांगितली, आणि २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेनेही तीच भूमिका स्वीकारली. एखादी तपासणी सार्वत्रिक झाली की तिचा अर्थही सर्वांना ठाऊक आहे असे हळूहळू गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखातील आक्षेप तपासणीवर नाही. तो ह्या गृहीतावर आहे.

आज हा एकच आकडा तीन भिन्न कामांसाठी वापरला जातो. तो भावी धोक्याची खूण म्हणून वाचला जातो. मूत्रपिंडाला इजा झाल्याचा पुरावा म्हणून मांडला जातो. आणि उपचार यशस्वी झाला की नाही हे ठरविणारे साध्य म्हणूनही पुढे केला जातो. पहिल्या कामासाठी मिळालेला पुरावा भक्कम आहे, दुसऱ्यासाठी सावधगिरी आवश्यक आहे, आणि तिसऱ्यासाठीचा पुरावा उच्च रक्तदाबाच्या सर्वसाधारण रुग्णापुरता तरी परस्परविरोधी आहे. असे असता पहिल्या कामात मिळविलेली प्रतिष्ठा तिसऱ्या कामास उसनी दिली जाते. हे कसे घडते आणि त्यात काय बिघडते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. खुणेचा पूर्वेतिहास

रिचर्ड ब्राइट ह्यांनी १८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातील रुग्णांची जी वृत्ते प्रसिद्ध केली, त्यांत अंगावरील सूज, लघवीतील अल्ब्युमिन आणि मृत्यूनंतर आढळणारी मूत्रपिंडाची विकृती ह्या तिहींचा संबंध स्पष्टपणे जोडला गेला. त्यांची रीत अगदी साधी होती. चमचाभर लघवी मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवावयाची. अल्ब्युमिन असल्यास ते अंड्यातील पांढऱ्या भागाप्रमाणे गोठते. अशा रुग्णांचे हृदय मोठे झालेले असते हेही ब्राइटांच्या ध्यानात आले होते. परंतु रक्तदाब मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार आधी आणि हृदय व रक्तवाहिन्यांवरील परिणाम नंतर, असा क्रम स्वाभाविकपणेच मानला गेला.

हा क्रम उलटून पाहण्याचे श्रेय त्याच रुग्णालयातील फ्रेडरिक अकबर महोमेद (१८४९–१८८४) ह्यांचे आहे. पाटण्यात जन्मलेल्या आणि पुढे इंग्लंडात स्थायिक झालेल्या शेख दीन महोमेद ह्यांचे हे नातू. नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्रात सुधारणा करून त्यांनी असे दाखविले की, धमन्यांतील ताण वाढलेला असूनही लघवीत अल्ब्युमिन नाही, अशी एक अवस्था असते. १८७४ च्या आपल्या निबंधात त्यांनी तिला अल्ब्युमिनपूर्व अवस्था म्हटले. म्हणजे दाब हा पुष्कळदा आधीचा, आणि अल्ब्युमिन ही मागाहून येणारी गोष्ट ठरली.

ह्या शोधाचे तार्किक महत्त्व आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत नेमके सांगता येते. पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे हे अनुमान निर्दोष आहे. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, हे अनुमान सदोष आहे. लोखंडाच्या तापलेल्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघण्यास अग्नीखेरीज ओल्या इंधनाचा संयोग लागतो. नैयायिक ह्यालाच उपाधी म्हणतात. महोमेदांचे अल्ब्युमिनरहित रुग्ण हे असे तापलेले गोळेच होते. लघवी स्वच्छ आहे एवढ्यावरून रक्तवाहिन्या निर्धोक आहेत असे मानणारा चिकित्सक आजही हीच चूक करीत असतो.

२. नाव आणि सीमारेषा

उकळण्याच्या रीतीने किंवा पुढे आलेल्या साध्या रासायनिक पट्टीने फक्त मोठ्या प्रमाणातील अल्ब्युमिनच दिसत असे. १९६३ मध्ये हॅरी कीन आणि क्लुव्हेराकिस ह्यांनी अत्यल्प अल्ब्युमिन मोजण्याची प्रतिरक्षामापनाची पद्धत प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये पार्विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य प्राथमिक उच्च रक्तदाबातही अल्ब्युमिनचे उत्सर्जन वाढलेले असते हे दाखविले. १९८२ मध्ये व्हिबर्टी, कीन प्रभृतींनी, आणि १९८४ मध्ये मोगेन्सेन ह्यांनी, मधुमेही रुग्णांत हे अल्प प्रमाणातील अल्ब्युमिन भावी मूत्रपिंडविकाराची पूर्वसूचना देते असे सिद्ध केले. ह्याच सुमारास ‘मायक्रोअल्ब्युमिन्यूरिया’ हे नाव रूढ झाले आणि त्याची मर्यादा मिनिटास २० ते २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसास अदमासे ३० ते ३०० मिलिग्रॅम, अशी सहमतीने ठरविण्यात आली.

येथे दोन दोष शिरले. पहिला नावाचा. ‘मायक्रो’ ह्या उपपदामुळे, आणि मराठीत त्याचे ‘सूक्ष्म’ असे भाषांतर केले असता अधिकच, अल्ब्युमिनचा एखादा निराळा, बारीक प्रकार लघवीत उतरतो असा समज होतो. विद्यार्थी तो बाळगतात ह्यात त्यांचा दोष नाही. प्रत्यक्षात रेणू तोच असतो. कमी असते ती त्याची राशी. मूत्रपिंडविकारांच्या मार्गदर्शिका तयार करणाऱ्या ‘केडिगो’ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत प्रयोगशाळांनी हा शब्द सोडून द्यावा असे सांगितले, ते योग्यच होते. परंतु रूढ झालेला शब्द मार्गदर्शिकेच्या आज्ञेने जात नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडाचे भवितव्य सांगण्यासाठी जी सीमारेषा आखली, तीच उच्च रक्तदाबाच्या रुग्णाच्या हृदयाचे भवितव्य सांगण्यासाठी जशीच्या तशी उचलण्यात आली. प्रश्न बदलला, रुग्ण बदलला, अवयवही बदलला. आकडा मात्र तोच राहिला. फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत २००५ मध्ये असे दिसून आले की, ज्यांना मधुमेह नाही आणि उच्च रक्तदाबही नाही अशा व्यक्तींत रूढ सीमेच्या पुष्कळ खालचे अल्ब्युमिनदेखील हृदयविकाराचा वाढता धोका सुचविते. धोका जर सलग चढत जाणारा असेल, तर २९ मिलिग्रॅम असणाऱ्यास निरोगी आणि ३१ असणाऱ्यास रोगी म्हणणे हा सोयीचा व्यवहार झाला. तो निसर्गाचा नियम नव्हे.

३. मोजमापाची मीमांसा

निरोगी प्रौढाच्या मूत्रपिंडांतील केशिकागुच्छांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. ह्या गाळणीतून अल्ब्युमिनचा अत्यल्प अंश निसटतो आणि त्यातील बराचसा पुढील नलिका परत शोषून घेते. म्हणून लघवीत अखेर जे सापडते त्यात तीन गोष्टींचा वाटा असतो: केशिकागुच्छातील दाब, गाळणीच्या पडद्याची अवस्था आणि नलिकेची शोषणशक्ती. आकडा एक आणि कारणे तीन. केशिकागुच्छातील दाब उतरविणारे औषध दिले असता पडद्याची झीज तशीच राहूनही आकडा काही आठवड्यांत खाली येऊ शकतो. ही गोष्ट पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडणार आहे.

चोवीस तासांची लघवी जमविणे त्रासाचे असल्यामुळे आता एकाच नमुन्यातील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी असलेले प्रमाण पाहण्याचा प्रघात आहे. लघवी पातळ आहे की दाट, ह्याचा परिणाम त्यामुळे निघून जातो, हा त्याचा निर्विवाद लाभ. परंतु भागाकारात छेदही असतो, आणि क्रिएटिनिन हे स्नायूंच्या राशीवर अवलंबून असते. कल्पना करू की दोन व्यक्तींच्या लघवीतून दिवसास प्रत्येकी २५ मिलिग्रॅम अल्ब्युमिन जाते. एक कष्टाची कामे करणारा धट्टाकट्टा तरुण असून त्याचे क्रिएटिनिन १.६ ग्रॅम आहे. दुसरी कृश वृद्धा असून तिचे ०.७ ग्रॅम आहे. तरुणाचे प्रमाण ग्रॅमला सुमारे १६ मिलिग्रॅम येईल, वृद्धेचे सुमारे ३६. अल्ब्युमिन सारखेच असता तो निरोगी ठरला आणि ती रोगी. स्त्रीपुरुषांसाठी निरनिराळ्या सीमा सुचविल्या गेल्या त्या ह्याच कारणास्तव. तथापि प्रत्यक्ष अहवालांवर एकच सीमा छापलेली पुष्कळदा आढळते.

शिवाय हे उत्सर्जन रोजच्या रोज बदलते. ताप, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मासिक पाळी, जोरकस व्यायाम, हृदयाची दुर्बलता, इतकेच नव्हे तर त्या दिवशीचा चढलेला रक्तदाब, ह्या सर्वांनी ते वाढते. म्हणूनच तीन ते सहा महिन्यांच्या अवधीत तीनपैकी निदान दोन नमुन्यांत वाढ आढळल्याखेरीज निदान करू नये असा दंडक आहे. तो सर्वांस पाठ असतो आणि फार थोडे तो पाळतात.

४. खूण म्हणून प्रामाण्य

आता पुराव्याकडे वळू. ‘होप’ ह्या चाचणीच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ज्यांचे प्रमाण मिलिमोलला २ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक होते त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या आपत्तींचा धोका १.८३ पट आढळला. प्रमाणातील दर ०.४ मिलिग्रॅमच्या वाढीस धोका ५.९ टक्क्यांनी वाढत होता. हॉलंडमधील ग्रोनिंगेन शहराच्या ‘प्रिव्हेंड’ पाहणीत चाळीस हजारांवर नागरिकांच्या लघवीचे नमुने तपासले गेले, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही अल्ब्युमिन व हृदयविकारजन्य मृत्यू ह्यांचा संबंध स्पष्ट दिसला. भिन्न देश, भिन्न रुग्ण आणि भिन्न मोजमाप असूनही निष्कर्ष एकाच दिशेचे आहेत. एवढ्या एकवाक्यतेस नाकारणे हट्टाचे होईल.

परंतु हे पुरावे कोणाविषयीचे आहेत? ‘होप’मधील व्यक्ती पंचावन्न वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या, आधीच रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या, किंवा मधुमेह आणि त्याच्या जोडीस आणखी एखादा धोका असलेल्या होत्या, सर्वांना उच्च रक्तदाब नव्हता. ‘प्रिव्हेंड’मधील व्यक्ती सर्वसामान्य नागरिक होत्या. उच्च रक्तदाबाच्याच रुग्णांवरील प्रमुख पुरावा ‘लाइफ’ ह्या चाचणीचा. तीत ९,१९३ रुग्ण होते, परंतु सर्वांच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड झाल्याची खूण विद्युत्-आलेखात होती. म्हणजे त्यांचा रोग जुना आणि मुरलेला होता. ज्या सौम्य रुग्णांची बाह्यरुग्ण विभागात रोज रांग लागते, त्यांच्याविषयीचे आपले ज्ञान बरेचसे ह्या इतरांकडून उसने आणलेले आहे. उसने घेण्यास हरकत नाही. ते उसने आहे हे सांगावयास हवे.

ही खूण हृदयविकाराविषयी इतके का सांगते, ह्याचे सर्वांत मोठे स्पष्टीकरण डेकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडले. मूत्रपिंडातील गळती ही सर्व देहातील रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरास झालेल्या बिघाडाची खिडकी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ही कल्पना मधुमेहाच्या संदर्भात जन्मली आणि उच्च रक्तदाबातही सर्वत्र उद्धृत होते. ती आकर्षक आहे, संभाव्यही आहे. पण ती जर खरी असेल तर तिच्यातून जे निघते ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: अल्ब्युमिन हे बिघाडाचे कारण नसून त्याचे दर्शन आहे. खिडकी झाकल्याने घरातील आग विझत नाही.

५. साध्य म्हणून प्रामाण्य

अल्ब्युमिन उतरविले की धोका उतरतो, ह्या मताचा आधार मुख्यतः ‘लाइफ’ चाचणीतच शोधला जातो. तीत लोसार्टन घेणाऱ्यांत अ‍ॅटेनोलोल घेणाऱ्यांपेक्षा आपत्ती कमी झाल्या आणि अल्ब्युमिनही अधिक उतरले. २००५ मधील विश्लेषणात ह्या दोहोंचा संबंध जोडण्यात आला. तो निबंध नीट वाचला असता असे दिसते की, लोसार्टनच्या अधिक लाभाचा सुमारे एकपंचमांश भागच अल्ब्युमिनच्या अधिक घटीने स्पष्ट होतो. उरलेल्या चार हिश्श्यांचे स्पष्टीकरण अन्यत्र आहे. एकपंचमांश हा वाटा नगण्य नव्हे. पण त्याच्या बळावर अल्ब्युमिनला संपूर्ण लाभाचा प्रतिनिधी नेमणे हे अनुमान नव्हे, अतिशयोक्ती आहे.

त्यानंतरच्या तीन चाचण्या ह्या मतास अडचणीत आणतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑनटार्गेट’मध्ये २५,६२० व्यक्ती होत्या. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र दिलेल्या गटात अल्ब्युमिनची वाढ एकट्या रॅमिप्रिलच्या गटापेक्षा कमी झाली. असे असूनही डायलिसिस, क्रिएटिनिन दुप्पट होणे अथवा मृत्यू, ह्यांपैकी काही घडलेल्यांचे प्रमाण रॅमिप्रिलच्या गटात १३.५ टक्के, तर संयुक्त गटात १४.५ टक्के निघाले. ‘अकम्प्लिश’मध्ये उच्च रक्तदाबाच्या ११,५०६ रुग्णांना बेनाझेप्रिलच्या जोडीस अ‍ॅम्लोडिपिन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड देण्यात आले. अल्ब्युमिन अधिक उतरले ते हायड्रोक्लोरोथायझाइडच्या गटात. मूत्रपिंडविकार बळावला तोही त्याच गटात अधिक, ३.७ टक्के, आणि अ‍ॅम्लोडिपिनच्या गटात २ टक्के. २०११ च्या ‘रोडमॅप’मध्ये ओल्मेसार्टनने मधुमेही व्यक्तींतील अल्ब्युमिनचा उद्भव ९.८ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर आणला. परंतु हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू ओल्मेसार्टनच्या गटात १५ आणि दुसऱ्या गटात ३ झाले.

ह्या तिन्हींवर प्रत्याक्षेप आहेत आणि ते नोंदविणे न्याय्य आहे. ‘ऑनटार्गेट’मधील बहुतेकांच्या मूत्रपिंडाचा धोका मुळातच अल्प होता. ‘अकम्प्लिश’मध्ये अ‍ॅम्लोडिपिन केशिकागुच्छातील प्रवाह वाढवून क्रिएटिनिन तात्पुरते कमी राखते, त्यामुळे तेथील निकषही शंकास्पद आहे. ‘रोडमॅप’मधील मृत्यूंची संख्या लहान असून तीत योगायोगाचा भाग असू शकतो. उलटपक्षी, हेरस्पिंक प्रभृतींनी २०१९ मध्ये ४१ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा उपचाराने अल्ब्युमिनमध्ये झालेल्या दर ३० टक्के घटीशी मूत्रपिंडाच्या अंतिम आपत्तींचा धोका सरासरीने २७ टक्क्यांनी कमी होणे निगडित आढळले. आणि हा संबंध आरंभीच ज्यांचे अल्ब्युमिन वाढलेले होते त्यांच्यात अधिक दृढ होता.

ह्या वरकरणी विसंगत निष्कर्षांचा मेळ बसतो तो पूर्वोक्त उपाधीच्या तत्त्वाने. ज्याच्या मूत्रपिंडात विकार प्रत्यक्ष आहे आणि अल्ब्युमिन पुष्कळ आहे, त्याच्या बाबतीत आकड्याची घट ही पडद्यावरील भार कमी झाल्याची सूचक असू शकते. ज्याचे मूत्रपिंड मूलतः शाबूत आहे, त्याच्या बाबतीत तीच घट केवळ केशिकागुच्छातील दाबाचा तात्कालिक खेळ असू शकते. साध्य म्हणून अल्ब्युमिनचे प्रामाण्य सरसकट नाही आणि सरसकट अप्रामाण्यही नाही. ते रुग्णाच्या अवस्थेवर अवलंबून आहे. हेरस्पिंक ह्यांच्या निष्कर्षाचा दाखला देऊन काठावरच्या आकड्याच्या रुग्णाचे औषध वाढविणारा हे विसरतो की तो निष्कर्ष त्या रुग्णाविषयीचा नव्हे.

६. आपल्या प्रबंधांविषयी

हा विषय पदव्युत्तर प्रबंधासाठी सोयीचा आहे; रुग्ण मुबलक, तपासणी सोपी आणि अवधी अल्प. त्यामुळे काही रुग्ण घ्यावयाचे, एकदा लघवी तपासावयाची, रक्तदाबाशी सहसंबंध काढावयाचा आणि ‘अल्ब्युमिन हे हृदयविकाराचे पूर्वसूचक आहे’ असा निष्कर्ष लिहावयाचा, असा साचा सहज पडतो. एककालिक पाहणीतून पूर्वसूचना निघूच शकत नाही, कारण तीत ‘नंतर’ असा काळच नसतो. अशा पाहणीतून सहअस्तित्व तेवढे सिद्ध होते.

उपचारपूर्व आणि उपचारोत्तर आकड्यांची तुलना करणाऱ्यांनी आणखी एक सापळा ओळखला पाहिजे. आकडा अधिक आला म्हणूनच ज्यांची निवड केली, त्यांचा दुसरा आकडा कोणतेही औषध न देताही सरासरीकडे उतरतो. तुलनागट नसेल तर ही उतरण औषधाच्या खात्यावर जमा होते. तसेच ह्या आकड्यांची वाटणी एका बाजूस लांबलेली असते. तिचे साधे माध्य घेतल्यास दोनचार अतिरेकी मूल्ये साऱ्या गटाचे चित्र बिघडवितात. लॉगरिदम घेऊन अथवा गुणोत्तर माध्य काढूनच तुलना करावी. नमुना सकाळचा पहिला होता की नाही, तो किती वेळा घेतला, सीमा स्त्रीपुरुषांसाठी वेगळी होती काय, आणि मधुमेही रुग्ण वगळले होते काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे ज्या प्रबंधात नाहीत, त्यातील आकडेवारी कितीही सुबक असली तरी तिच्यावरून काही ठरविता येणार नाही.

समारोप

आमचा निर्णय थोडक्यात असा आहे. उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाचे अल्ब्युमिन मोजण्याची नवी शिफारस स्वागतार्ह आहे. वाढलेला आणि पुन्हा तपासून पक्का झालेला आकडा हे अधिक दक्षतेस पुरेसे कारण आहे. नियमित आकडा हे निश्चिंतीचे कारण नाही. दीडशे वर्षांपूर्वीच महोमेदांनी ते सांगून ठेवले आहे. मूत्रपिंडविकार प्रस्थापित झालेल्या रुग्णात आकड्याची घट हा उपचाराचा एक आधार मानावा, एकमेव मानू नये. इतर रुग्णांत रक्तदाब हेच साध्य आहे, आणि अल्ब्युमिन उतरले म्हणून चढलेला रक्तदाब क्षम्य ठरत नाही.

कागदावरील आकडा सुधारल्याचे समाधान रुग्ण आणि चिकित्सक ह्या दोघांनाही होते, आणि म्हणूनच ते सांभाळून घ्यावयाचे असते. धूर दिसताच अग्नी शोधावा हे अनुमानाचे प्रयोजन होय. धूर पांगविण्यात वेळ गेला तर ज्यासाठी अनुमान केले तेच राहून जाते.